पाण्याशेजारी झोपणारं गाव

टोकियोत चियोदा लाइननं ये-जा करणाऱ्या कुणालाही ‘आबिको’ हे नाव माहीत असतं. गाडीच्या कपाळावर ते असतं, फलाटावरच्या पाटीवर असतं, दिवसभर घोषणांतून कानावर पडतं. ही गाडी आबिकोला जाणार, पुढची आबिकोला जाणार. पण आबिकोला कधी उतरलेला माणूस त्या गर्दीत शोधावा लागतो. गाडी जिथं संपते ते ठिकाण, एवढीच बहुतेकांची ओळख.

मी त्या ठिकाणी राहते. डोंबिवलीत वाढल्यामुळं, गाडी जिथून सुटते तिथं घर असण्याचं मोल मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आबिकोहून सुटणारी लोकल पकडली की बसायला जागा मिळते आणि ओतेमाचीपर्यंत एक झोप किंवा पुस्तकाची काही पानं पदरात पडतात. घर घेताना आम्ही तेवढाच हिशेब केला होता. भाडं टोकियोपेक्षा कमी, उएनो पाऊण तासाच्या आत, आणि घराच्या एजंटानं जाता जाता सांगितलं होतं की दक्षिणेला एक तळं आहे. त्या तळ्याचं नाव तेगानुमा. या लेखात मला त्याच्याबद्दलच सांगायचं आहे. आबिकोत राहून मला जे काही कळलं, ते गाडीतून कळलं नाही. त्या उथळ, गढूळ पाण्याकडून कळलं.

आधी गावाची ठेवण सांगते. आबिको चिबा प्रांताच्या उत्तर टोकाला, पूर्व-पश्चिम लांबट पसरलेलं आहे. उत्तरेला तोने नदी, दक्षिणेला तेगानुमा आणि मधे उंचवट्याची एक चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवरून रेल्वे जाते आणि घरं बहुतेक तिच्याच आसपास आहेत. उत्तरेकडं चालत गेलात तर तोनेचा भलामोठा बांध लागतो, दक्षिणेकडं गेलात तर एकदम उतार लागतो आणि खाली पाणी दिसतं. त्या उताराच्या पायथ्याशी जुनी वाट आहे. तिला ‘हाके’ची वाट म्हणतात. उंचवट्यात मुरलेलं पावसाचं पाणी जिथं पायथ्याशी झिरपून बाहेर येतं ती जागा म्हणजे हाके. झऱ्याचं पाणी आणि समोर मासळी, म्हणून माणूस इथं फार पूर्वीपासून राहिला. चौथ्या शतकातली, वरून पाहिल्यावर किल्लीच्या भोकासारखी दिसणारी एक राजस समाधी याच उंचवट्यावर झाडीत आहे.

हजारेक वर्षांपूर्वी इथं तळं नव्हतं. समुद्राचा फाटा आत शिरून ‘कातोरीचा समुद्र’ म्हणावा असा पाण्याचा पसारा तयार झाला होता, त्याची ही एक बोळकांडी. सतराव्या शतकात तोकुगावा राजवटीनं तोने नदीचा प्रवाहच पूर्वेकडं वळवला. तिच्याबरोबर आलेल्या गाळानं खाडीची तोंडं बुजत गेली आणि मागं राहिलेल्या पाण्याची तळी झाली. तेगानुमा त्यातलंच. त्याची सरासरी खोली मीटरभरसुद्धा नाही. बहुतेक ठिकाणी उभं राहिलं तर पाणी मांडीच्या वर यायचं नाही. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढं जे झालं त्याचं निम्मं कारण या उथळपणात आहे.

इतक्या उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून तळाशी पाणवनस्पतींची रानं असायची. शेतकरी होड्या घेऊन ती उपटायचे आणि भातखाचरात खत म्हणून टाकायचे. ईल मासा इथला नावाजलेला होता. हिवाळ्यात बदकं यायची आणि ती पकडायची इथली रीत वेगळी होती. रात्री पाण्यावर चिकट लासा लावलेले दोर सोडायचे, दुसरीकडं जाळी उभी करायची आणि पहाटेपर्यंत गावंच्या गावं एकजुटीनं त्या कामाला लागलेली असायची. धरलेली बदकं एडोच्या, म्हणजे तेव्हाच्या टोकियोच्या, आणि नंतर टोकियोच्या बाजारात जायची. आमच्या शेजारच्या आजी सांगतात की त्या लहान असताना तळ्यात पोहायच्या आणि पाय पाण्यात असताना नखं दिसायची. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काठावर येऊन पाण्यात पाहिलं. पाणी चहाच्या रंगाचं होतं.

रेल्वे इथं १८९६ साली आली. उएनोहून थेट आबिकोला येता येऊ लागलं आणि टोकियोतल्या सुखवस्तू माणसांच्या लक्षात आलं की तळ्याकाठी, उंचवट्यावर, स्वस्तात बंगला बांधता येतो. जूदोचे जनक कानो जिगोरो यांनी इथं जागा घेतली. त्यांच्या जागेसमोरच तीन मोठ्या शीइ वृक्षांखाली एक घर होतं, सान्जुसो नावाचं. १९१४ साली तिथं कानोंचा भाचा राहायला आला. पंचविशीतला, नुकतंच लग्न झालेला. त्याचं नाव यानागी मुनेयोशी.

यानागी आणि त्यांचे मित्र ‘शिराकाबा’ नावाचं मासिक काढत. यानागींच्या मागोमाग १९१५ मध्ये कादंबरीकार शिगा नाओया आले, १९१६ मध्ये मुशानोकोजी सानेआत्सु आले. १९१७ मध्ये इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांनी यानागींच्या आवारात भट्टी लावली. ही मंडळी एकमेकांकडं होडीनं जात. शिगांनी आपली मोठी कादंबरी इथं लिहायला घेतली. त्यांची लिहायची खोली उताराच्या पायथ्याशी अजून आहे, एवढीशी, झाडांच्या सावलीत. यानागींच्या पत्नी कानेको गायिका होत्या. १९१९ मध्ये लीच यांची कामाची जागा आगीत जळली. त्याच वर्षी हामादा शोजी नावाचा तरुण कुंभार लीचना भेटायला इथं आला होता. पुढच्याच वर्षी तो त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेला आणि विसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या मातीकामाचा इतिहास बऱ्याचदा त्या जोडीपासून मोजला जातो.

पण माझ्या मनात घर करून बसलेली गोष्ट याच्याही आधीची, १९१४ सालची आहे. शिल्पकार रोदँनं शिराकाबाच्या मंडळींना तीन लहान ब्राँझ शिल्पं पाठवली होती आणि ती यानागींच्या घरी होती. ती पाहायला कोरियात शिक्षकाची नोकरी करणारे आसाकावा नोरिताका आबिकोला आले. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून कोरियातली जुनी चिनीमातीची भांडी भेट घेऊन आले. त्यात एक पैलू पाडलेला पांढरा बुधला होता, त्यावर निळ्या रंगात शरदातलं गवत रेखलेलं. पाहुणा रोदँ पाहायला आला आणि यजमान त्या बुधल्यापाशी अडकला. कुणा अनाम कारागिरानं रोजच्या वापरासाठी केलेल्या वस्तूत हे सौंदर्य कुठून येतं, हा प्रश्न यानागींना तिथून लागला. तो त्यांनी आयुष्यभर सोडला नाही. जपानमधली लोककला-चळवळ, १९३६ साली टोकियोत उघडलेलं लोककला संग्रहालय, हे सगळं त्या प्रश्नातून आलं. तो बुधला आज त्याच संग्रहालयात आहे. मी तो पाहिला तेव्हा मला आधी त्यावरचं गवत ओळखीचं वाटलं. ऑक्टोबरात तोनेच्या बांधावर असंच गवत असतं, वाऱ्याच्या दिशेनं झुकलेलं.

ही मंडळी फार वर्षं राहिली नाहीत. मुशानोकोजी १९१८ मध्ये गेले, यानागी १९२१ मध्ये, शिगा १९२३ मध्ये. कामाकुरा म्हणजे टोकियोच्या दक्षिणेकडचं, लेखक-कलावंतांच्या वस्तीसाठी नावाजलेलं गाव. आबिकोला आज ‘उत्तरेचं कामाकुरा’ म्हणायची पद्धत आहे ती या मंडळींमुळं. मला मात्र त्यांच्यापेक्षा जवळचा वाटतो तो सुगिमुरा सोजिनकान. असाही वृत्तपत्रातला पत्रकार. वृत्तपत्राच्या जुन्या अंकांची लहान आकारात बांधणी करून ठेवायची पद्धत जपानमध्ये रुजवण्यात त्याचा वाटा मोठा. १९२३ च्या भूकंपात त्याचे दोन मुलगे गेले. त्यानंतर तो आबिकोच्या आपल्या सुट्टीच्या घरात कायमचा राहायला आला आणि तिथून टोकियोला कामावर जाऊ लागला. आज रोज सकाळी आबिकोच्या फलाटावर रांगेत उभे असणाऱ्या आम्हा सगळ्यांचा तो पूर्वज. त्याचं घर आता स्मारक आहे, बागेत कामेलियाची झाडं आहेत. १९२० च्या दशकात तळं बुजवून शेती करायच्या योजना पुढं आल्या, तेव्हा सुगिमुरा, कानो आणि इतिहासाचे प्राध्यापक मुराकावा केंगो यांनी तळं राखण्यासाठी मंडळ काढलं. कामावरून रात्री परत येणारा माणूस सकाळी उठून तळ्यासाठी पत्रं लिहितो, हे मला फार मोठं वाटतं. आपण जिथं झोपतो त्या जागेचं आपण काहीतरी लागतो, हे त्याला कळलं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अन्नटंचाईचे दिवस आले आणि जे मंडळानं थांबवलं होतं ते सरकारनं केलं. १९४६ पासून पूर्वेकडचा भाग बुजवायला सुरुवात झाली आणि काम १९६८ पर्यंत चाललं. तळं जवळजवळ निम्मं झालं. आज नकाशात पश्चिमेला मुख्य तेगानुमा, पूर्वेला छोटं खालचं तेगानुमा आणि मधे दोघांना जोडणारी नदी दिसते. मधली सपाट भातशेती म्हणजे गेलेलं पाणी. मी याला नुसतं चूक म्हणत नाही. भुकेल्या देशानं भात पिकवला. पण तळ्याची खोली तेवढीच राहून पसारा निम्मा झाला आणि त्याच सुमाराला माणसं यायला लागली.

माणसं म्हणजे आम्ही. टोकियोत घर न परवडणारे, रोज जाऊन येऊन नोकरी करणारे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शेजारच्या काशिवात आणि मग आबिकोत मोठमोठ्या गृहवसाहती उभ्या राहिल्या. १९७० मध्ये आबिको शहर झालं, १९७१ मध्ये चियोदा लाइनच्या गाड्या थेट इथवर यायला लागल्या. घरं वेगानं बांधली गेली, गाड्या वेगानं वाढल्या, सांडपाण्याच्या नळ्या मात्र मागं राहिल्या. स्वयंपाकघरांचं, न्हाणीघरांचं, कपडे धुण्याच्या यंत्रांचं पाणी ओढ्यांत, ओढ्यांतून ओहोरी आणि ओत्सु या दोन लहान नद्यांत आणि नद्यांतून तळ्याच्या पश्चिम टोकाला येऊन पडू लागलं.

इथं मोठमोठे कारखाने नव्हते. बोट दाखवायला कुणी खलनायक नव्हता. तळं मेलं ते भांडी घासण्यानं, कपडे धुण्यानं, उरलेली आमटी मोरीत ओतण्यानं. सांडपाण्यातला फॉस्फरस आणि नायट्रोजन म्हणजे शेवाळाचं खाद्य. पाणी उथळ, उन्हाळ्यात लगेच तापणारं आणि फारसं न वाहणारं. हिरव्या रंगाचा दाट थर पृष्ठभागावर धरू लागला, त्याखाली ऊन पोचेनासं झालं आणि तळाची पाणवनस्पतींची रानं अंधारात कुजली. मेलेलं शेवाळ सडायला लागलं की वास इतका सुटायचा की उताराजवळच्या घरांत खिडक्या उन्हाळ्यातही बंद ठेवायच्या, असं जुने रहिवासी सांगतात.

पाण्यातली घाण मोजण्याचं एक माप आहे, सीओडी. एक लिटर पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं रासायनिक विघटन व्हायला किती प्राणवायू लागतो ते त्यातून कळतं. तेगानुमासाठी ठरवलेली मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम. १९७९ मध्ये वर्षाची सरासरी २८ होती. देशभरातल्या तळ्यांची यादी दरवर्षी जाहीर होते. १९७४ पासून सलग २७ वर्षं त्या यादीत सर्वांत घाणेरडं तळं म्हणून तेगानुमाचं नाव होतं. सत्तावीस वर्षं म्हणजे एक पिढी. काठावर वाढलेली मुलं ‘आमचं तळं जपानमधलं सर्वांत घाण’ हे वाक्य पाठ करून मोठी झाली. त्यातली काही आज माझ्या वयाची आहेत आणि अजूनही बाहेरच्या माणसाला तळ्याबद्दल सांगताना आधी तेच सांगतात.

मग काय झालं? सांडपाण्याच्या नळ्या आल्या, शुद्धीकरण केंद्रं आली. गृहिणींनी फॉस्फरस असलेली साबणाची पावडर टाळायची चळवळ चालवली, वापरलेलं तेल मोरीत न ओतता गोळा करून त्याचा साबण केला. या बायकांची नावं कुठल्या फलकावर नाहीत, पण मला त्यांचं ऋण मोठं वाटतं. आणि २००० साली किताचिबा कालवा सुरू झाला. तोने आणि एडो या नद्यांना जोडणारा, बराचसा जमिनीखालून जाणारा साडेअठ्ठावीस किलोमीटरचा कालवा. त्यातून तोनेचं पाणी तेगानुमात सोडतात, सेकंदाला जास्तीत जास्त दहा घनमीटर. वर्षभरातच फरक दिसला. २००१ साली यादीतला तो पहिला नंबर गेला.

यावर मला काही बोलायचं आहे. तळं सुधारलं त्यात बाहेरून आणलेल्या पाण्याचा हात मोठा आहे. घाण पातळ झाली, पुढं ढकलली गेली. सगळी नाहीशी झाली असं नाही. आजही सीओडी मर्यादेच्या वरच आहे. तरी ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांना मी दोष देणार नाही. गळा आवळलेल्या माणसाला आधी श्वास द्यावा लागतो, पथ्यपाणी नंतर. पण श्वास आला म्हणजे आजार गेला असं समजायची सोय नाही, आणि इथली जाणती माणसं तसं समजत नाहीत. म्हणूनच मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

कामावर जाणाऱ्यांची गावं झोपायला असतात, असं टोकियोत आणि मुंबईतही सर्रास म्हणतात. माणूस तिथं राहत नाही, फक्त रात्र काढतो. मला हे पटत नाही. माणूस झोपेतही पाणी वापरतोच. सकाळी सव्वासहाला निघून रात्री नऊला परतणाऱ्या बाईचं न्हाणीघर, तिच्या मुलांचे गणवेश, तिच्या सासूचा भात, यांचं पाणी कुठंतरी जातंच. टोकियोतल्या ऑफिसात आपण काय केलं हे कुणाच्या लक्षात राहणार नाही, पण घरी काय केलं ते तळ्याच्या गाळात साठलेलं असतं. तेगानुमानं मला हे इतकं स्वच्छ दाखवलं की त्यानंतर मी कुठल्याच उपनगराला नुसतं झोपायचं गाव म्हणू शकत नाही.

आणि पाणी विसरतही नाही. मार्च २०११ च्या भूकंपात आबिकोच्या पूर्व टोकाला, फुसा भागात, सपाट जमिनीवरची घरं एकाएकी कलली, विजेचे खांब खचले, रस्त्यातून वाळू उसळली. नंतर जुने नकाशे काढले तेव्हा दिसलं की १८७० च्या पुरात तोनेचा बांध फुटून तिथं डोह झाला होता, आणि तो महायुद्धानंतर नदीतलीच वाळू टाकून बुजवला होता. त्याच्यावर घरं झाली. भूकंपाच्या हादऱ्यात ती वाळू पुन्हा पाण्यासारखी वागली. त्याच दिवसांत फुकुशिमाहून आलेल्या किरणोत्सारी ढगातला पाऊस या परिसरावर पडला. काही काळ तळ्यातल्या काही माशांची विक्री बंद राहिली. शाळांच्या मैदानांवरची माती खरवडून काढली गेली. त्या वर्षांबद्दल इथले लोक कमी बोलतात. मीही इथं थांबते.

आता पक्ष्यांकडं येते, कारण हिवाळ्याचं आबिको म्हणजे पक्षी.

शहराचा पक्षी आहे ओबान, म्हणजे आपला वारकरी: काळा, कपाळावर पांढरा टिळा. भिगवणला किंवा नांदूर मध्यमेश्वरला ज्यांनी पाहिला आहे त्यांना इथं तो लगेच ओळखू येईल. तेगानुमाच्या काठावर तो इतका धीट आहे की गवत खायला पाण्याबाहेर येतो आणि माणसाच्या पायापाशी चरतो. ऑक्टोबर संपताना सैबेरियाकडून बदकं उतरायला लागतात. चक्रांग, तरंग, थापट्या, तलवार बदक. आपल्याकडं उजनीला जी येतात त्यांचेच भाऊबंद, वेगळ्या वाटेनं आलेले. शेंडीवाल्या टिबुकल्या खोल भागात बुड्या मारत असतात. पाण्यात रोवलेल्या खांबांवर पाणकावळे पंख पसरून बसतात. आणि एखाद्या खांबावर, सगळ्यांपासून अंतर राखून, कैकर. त्यानं मासा धरलेला मी पहिल्यांदा पाहिला तो कामाच्या दिवशी, सुट्टी काढून. वरून पाय पुढं करून तो पाण्यात पडला, क्षणभर पाण्याखाली गेला आणि मग ओल्या पंखांचा जोर लावून वर आला. मासा डोकं पुढं करून धरला होता, वारा कापत नेता यावा म्हणून. वर जाताना त्यानं अंग झाडलं, तेव्हा पडलेलं पाणी उन्हात दिसलं.

राजहंसही आहेत, नारिंगी चोचीचे. ते इथले मूळचे नव्हेत, युरोपातून आणलेल्यांची पिढी. मुलांचे लाडके आहेत, तरी विणीच्या दिवसांत नर माणसाच्या अंगावर येतो हे मुलांना आधी सांगावं लागतं.

वसंतात वेगळा आवाज. काठावर देवनळाची बेटं आहेत. मे महिन्यात त्यांत मोठा बोरू वटवट्या येतो आणि पहाटेपासून इतक्या मोठ्यानं, इतका वेळ ओरडतो की गाडी पकडायला निघालेली माणसंही मान वळवतात. उन्हाळ्यात ओकाहोत्तो खोऱ्यात काजवे दिसतात. हे खोरं म्हणजे दोन उंचवट्यांमधली, झऱ्याच्या पाण्यावर पिकणारी भाताची चिंचोळी पट्टी. जपानमध्ये अशी खोरी घरांसाठी बुजवली गेली. हे शहरानं आणि रहिवाशांनी मिळून जुन्या रूपात राखलं आहे. भातखाचरं, पाट, बेडूक, चतुर, सगळ्यांसकट.

तळ्याकाठीच यामाशिना पक्षीशास्त्र संस्था आहे. राजघराण्यातले यामाशिना योशिमारो यांनी १९३२ मध्ये ती टोकियोत स्थापन केली आणि १९८४ मध्ये ती आबिकोला आली. १९९० मध्ये तिच्या शेजारी शहरानं पक्ष्यांचं संग्रहालय उघडलं. ज्या वर्षांत तळं देशातलं सर्वांत घाण होतं, त्याच वर्षांत ही संस्था त्याच्या काठावर आली, हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. ओकिनावात उडू न शकणारी एक पाणकोंबडी शास्त्राला १९८१ मध्ये माहीत झाली ती याच संस्थेच्या माणसांमुळं. आखूड शेपटीचा अल्बाट्रॉस हा समुद्रपक्षी पिसांच्या व्यापारात जवळजवळ संपला होता. एकदा तर नामशेष झाला असं मानलं गेलं आणि १९५१ मध्ये तोरीशिमा या ज्वालामुखी बेटावर तो पुन्हा दिसला. ते बेट कधीही पेट घेईल, म्हणून २००८ ते २०१२ या काळात संस्थेनं ७० पिल्लं तिथून साडेतीनशे किलोमीटरवरच्या बेटावर नेली आणि माणसांनी त्यांना हातानं भरवून वाढवलं. त्यांतली काही मोठी होऊन त्याच नव्या बेटावर परतली.

मुंबईशीही या संस्थेचा एक धागा आहे. १९६० च्या दशकात आशियाभर स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत कड्या घालून त्यांच्या वाटा शोधायचं मोठं काम झालं. त्यात जपानमधून यामाशिना संस्था होती आणि भारतातून सालिम अलींची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. भरतपूरला कडी घातलेली बदकं सैबेरियात सापडली आणि नकाशावर त्यांच्या वाटांच्या रेघा ओढल्या गेल्या. दर नोव्हेंबरात आबिकोत तळ्याकाठी पक्षी महोत्सव भरतो. दुर्बिणी, लाकडी पक्षी, शाळकरी मुलांचे तक्ते. तिथं कुणी विचारलं की तुमच्या गावी पक्षी आहेत का, तर मी या धाग्याबद्दल सांगते.

स्टेशनाबद्दल थोडं. फलाटावर यायोइकेन नावाचं उभ्यानं खायचं दुकान आहे. सोबा शेवयांच्या वाडग्यात तळलेल्या कोंबडीचे मुठीएवढे तुकडे घालून देतात. रंगीत कागदाचे बारीक तुकडे चिकटवून चित्रं करणारा भटका चित्रकार यामाशिता कियोशी तरुणपणी याच यायोइकेनकडं कामाला होता. शाकाहारी माणसानं तिथं जाऊ नये. बाकीच्यांनी हिवाळ्यातल्या सकाळी नक्की जावं.

आता सध्याची गोष्ट. तळ्यावर नवं संकट आहे आणि ते हिरवं आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या दोन वनस्पती, एक पिवळ्या फुलांची आणि एक पोकळ देठांची पांढऱ्या फुलांची, काठ धरून पसरतात आणि पाण्यावर गालिचे तयार करतात. जलपर्णीनं भरलेली पवना किंवा उल्हास ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे दृश्य नवं नाही, जलपर्णीही तिथलीच. या गालिच्याखाली ऊन जात नाही. कालव्यांतून त्या भातखाचरांत शिरल्या की शेतकऱ्याचं वर्ष जातं. यंत्रं येतात, मोठे ढीग काढून नेतात. पण यंत्रानं काठाशी, देवनळाच्या मुळांत अडकलेलं निघत नाही. देठाचा काही सेंटिमीटरचा तुकडा सुटला तरी तो वाहत जाऊन दुसरीकडं रुजतो. म्हणून मागाहून माणसं उतरतात.

आम्ही सुट्टीच्या सकाळी उतरतो. कमरेपर्यंतचे रबरी बूट, हातमोजे, पाठीमागं बारीक जाळी. निवृत्त झालेले आजोबा सगळ्यांत जास्त, मग मी, मग कुणी कॉलेजची मुलं. आजोबांपैकी बहुतेक १९७० च्या दशकात इथं घर घेऊन आले, चाळीस वर्षं रोज टोकियोला गेले, आणि नोकरी संपल्यावर त्यांना तळं दिसलं. ‘आमच्याच घरांचं पाणी होतं ते,’ असं त्यांच्यातले एक मला पहिल्या दिवशी म्हणाले. सूर अपराधाचा नव्हता. काम समजावून सांगावं तसं म्हणाले. मग देठ कसा धरायचा ते दाखवलं. ओढायचा नाही, तुटतो. हात चिखलात घालून मुळापर्यंत न्यायचा, मूळ सैल करायचं आणि अख्खं उचलायचं. जाळी हाताखाली आधी धरायची, मग उचलायचं.

तेगानुमातून नाहीशी झालेली गाशामोकु नावाची एक पाणवनस्पती आहे. शेतकरी ज्या रानांतून खत काढायचे, त्यांतली. तळाच्या जुन्या गाळात तिच्या बिया पडून होत्या. तो गाळ उकरून, स्वच्छ पाण्यात, उन्हात ठेवला तेव्हा त्यातल्या काही रुजल्या. आता ती राखलेल्या छोट्या तळ्यांत आणि टाक्यांत वाढते आहे: लांबट, पातळ, पाण्यात धरली तर आरपार दिसणारी पानं. ती पुन्हा मोठ्या तळ्यात लावायची तर पाण्यातून तळ दिसायला हवा, आणि तो अजून दिसत नाही. आजोबांपैकी एकजण दर वेळी काम संपल्यावर दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडतात आणि ती किती खोलवर दिसेनाशी होते ते मोजून वहीत लिहितात. आम्ही त्यांच्याभोवती उभे राहून आकडा विचारतो.